पांढरा सदरा, उघडा डबा

भीती इतकी मन लावून बाळगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. एटापल्लीच्या आतल्या अंगाला, जिथे तेव्हा डांबरी रस्ता संपायचा, तिथल्या आरोग्य उपकेंद्रात मी नर्स म्हणून रुजू झाले, आणि शेजारच्या घरात हे राहत. उन्हाळ्यात विडीच्या तेंदूपानांच्या फडावर पुडे मोजून घेत, म्हणून सारे त्यांना मुन्शी म्हणत. मी मुन्शीभाऊ म्हणे. त्या काळी गावात घाबरत सगळेच. जंगलातले बंदूकवाले खबऱ्या समजून उचलतील ही एक भीती, आणि पोलीस बंदूकवाल्यांचा माणूस समजून उचलतील ही दुसरी. बाकीचे लोक दोन्ही भीती पोटात ठेवून शेतावर जात. मुन्शीभाऊंनी मात्र त्यांचा रीतसर बंदोबस्त केला होता.

सदरा पांढराच. हिरवा घातला तर पोलिसांना संशय, खाकी घातला तर आतल्यांना, म्हणजे बंदूकवाल्यांना, आणि काळा झाडीत हिरव्यासारखाच दिसतो. व्याह्यांनी लग्नात दिलेला पोपटी शर्ट त्यांनी घडीही न मोडता माझ्याकडे आणून दिला, "बाई, दवाखान्यात फरशी पुसायले घ्या." जेवणाच्या डब्याला झाकण नाही. "झाकण दिसलं का मानसाच्या मनात येते, आत काय असन? भाजी दिसली का मन शांत रायते." त्यामुळे त्यांच्या वांग्याच्या भाजीत बाराही महिने पालापाचोळा असे, आणि ते तो निमूटपणे बाजूला काढून जेवत. घरात सात माणसं, पण तांदूळ एका वेळी एकच किलो घ्यायचा, जास्त घेतला तर कोणासाठी शिजतो असं कोणी विचारेल. त्यासाठी दिवसातून दोनदा दुकान. खिशात फोन होता, पण बॅटरी काढलेला. "फोन ठेवला तर आतले म्हनतात खबर देते. नाई ठेवला तर ठान्यातले म्हनतात, याच्यापाशी फोन काऊन नाई? आता दोघायले बी दाखवता येते."

पण खरी कमाल जंगलात पाऊल टाकल्यावर. मी कोरपन्याकडची, कापसाच्या उघड्या रानात वाढलेली. तिथे माणूस अर्ध्या कोसावरून दिसतो. इथे बांबूच्या बेटामागे हातभर अंतरावर कोण आहे ते कळत नाही. लसीकरणाला आतल्या पाड्यांवर जायचं तर वाट दाखवायला मुन्शीभाऊच. पहिल्याच दिवशी जंगलाच्या तोंडाशी त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि असे ओरडले की माझ्या हातातली लसीची पेटी पडता पडता राहिली. "मी मुन्शी! पांढरा सदरा! संगं नर्सबाई! पेटीत पोरायच्या सुया! बंदूक नाई, झोल नाई! येऊन राह्यलो!" मग हेच गोंडीत, मग हिंदीत. दर शंभर पावलांवर. चार तास.

"भाऊ, कोणाला सांगता?" मी विचारलं.

"जो असन त्याले. बाई, गोळी घालनारा बी भेलेलाच रायते. मानूस अचानक दिसला का तो घालते. त्याले आधी सांगाव लागते."

मला हे पटलं. त्यानंतर आमचं भांडण झालं ते फक्त पेटीवरून. ती उघडी धरा, असा त्यांचा आग्रह. बर्फ वितळून लस वाया जाईल, असं माझं म्हणणं. शेवटी पेटीच्या झाकणावर मी आतल्या वस्तूंची यादी चिकटवली आणि ती यादी ते मोठ्याने म्हणू लागले. ओरडण्यात खोटं एक अक्षर चालत नसे. एकदा मी पाड्यावरच्या मुलांसाठी जिलबी घेतली होती, तर "अन् पावशेर जिलबी!" हेही जंगलाला कळलं. एकदा चिखलात माझी चप्पल तुटली, तेव्हा "नर्सबाई रागात हायेत!" असंही. मी म्हटलं, हे कशाला? म्हणाले, "पुढं कोनी आडवा आला असता तर त्याले ठाव नको?"

मग गावाबाहेर पोलिसांचा तळ आला. वाळूची पोती, काटेरी तारा, सुरुंगाला दाद न देणारी गाडी, आणि आठवड्यातून एकदा हेलिकॉप्टर, ज्याचा आवाज आला की मुन्शीभाऊ अंगणात उभे राहून सदरा दाखवत. तळावरचे साहेब सांगलीकडचे, तरणे, कामाला पक्के. ते म्हणत, ताकद दिसली की समोरचा बोलायला येतो. मुन्शीभाऊ म्हणत, "येते न साहेब. पन त्याले रस्त्यात कोनी मारलं नाई पाह्यजे." दोघंही बरोबर होते. ते मला नंतर कळलं.

मुन्शीभाऊंच्या बहिणीची मुलगी सहा वर्षांपूर्वी आतल्यांबरोबर गेली होती. एका सकाळी ते माझ्या दाराशी आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. तिने निरोप पाठवला होता. खोकल्यातून रक्त पडतं, परत यायचं आहे, दोन दिवसांनी दुपारी नाल्यावर येते. पळून येताना आतल्यांनी पाहिलं तर ते मारतील. वाटेत गस्तीने पाहिलं तर बंदूकवाली म्हणून तेही मारतील. तळापर्यंत जिवंत पोचली तरच ती जगणार होती.

आम्ही तळावर गेलो. साहेब म्हणाले, त्या दुपारी नाल्याच्या वाटेवर गस्त जाणार नाही, हवं तर लिहून देतो. "कागद नको साहेब, सापडला तर मी मेलो. माह्या घरचं पानी पिऊन सांगा." घरचं पाणी पिऊन दिलेला शब्द फिरवायचा नाही, ही इथली रीत. साहेब आले. कुंपणाभोवती वीस जवान, त्यातला एक ते पाणी आधी स्वतः चाखायला निघालेला, आणि मुन्शीभाऊंनी देतादेता अर्धा लोटा साहेबांच्या बुटावर सांडला. उरलेलं साहेब प्यायले आणि म्हणाले, "शब्द दिला."

ठरल्या दिवशी आम्ही निघालो. पेटीखालच्या पिशवीत माझी गणवेशाची दुसरी साडी होती. ती अशा कामाला वापरायची नसते हे मला ठाऊक होतं; नर्सची साडी पाहून दोन्हीकडचे वाट देतात ते तिच्या आत नर्सच असते म्हणून. तरी मी घेतली. नाल्यावर मुलगी मोहाच्या झाडाखाली बसली होती, हाताची काडी झालेली. दगडाआड मी तिला साडी नेसवली, पेटी तिच्या हाती दिली. मुन्शीभाऊंनी श्वास घेतला. आवाजच फुटेना. दुसऱ्यांदा फुटला. "मी मुन्शी! पांढरा सदरा! संगं दोन नर्सबाया!"

अर्ध्या वाटेवर बांबूतून माणूस बाहेर आला. वयस्क, गळ्यात बंदूक. मघापासून आमचं ओरडणं ऐकत बसल्यासारखा शांत.

"दुसरी कोन?"

"नवीन हाये. शिकून राह्यली."

मुलीला खोकला येत होता. तो तिने कसा दाबला ते माझ्या दंडावरच्या तिच्या नखांना माहीत. तो माणूस मुन्शीभाऊंकडेच पाहत होता. "मुन्शी, तू खोटं बोलत नाईस म्हनून तुलेच इचारतो. नर्स हाये?"

"नर्स हाये," मुन्शीभाऊ म्हणाले.

तो बाजूला झाला. तळाच्या तारा दिसेपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही. वाटेवर गस्त नव्हती. साहेबांनी पाणी फुकट घालवलं नाही. मुलगी बचावली. तिच्या क्षयाच्या गोळ्या मी समोर बसवून गिळायला लावल्या, आणि आता ती गडचिरोलीला संसार करते. तळ नसता तर तिला यायला जागा नव्हती, आणि मुन्शीभाऊ नसते तर त्या जागेपर्यंत ती पोचली नसती.

आठ दिवसांनी बाजारात कोणीतरी निरोप दिला. धमकी नव्हती. एवढंच होतं: मुन्शीला सांगा, आता ओरडू नको.

त्यानंतर सहा महिने ते घराबाहेर झोपले नाहीत आणि जंगलात गेले नाहीत. पाड्यांवर मी दुसऱ्याला घेऊन जाई, आणि तो माणूस मुका चाले, आणि प्रत्येक पानाच्या आवाजाला मी थांबून वळून बघे.

आता नाल्यापर्यंत डांबरी रस्ता आहे, मोबाईलची रेंज आहे, आतले बरेचसे बंदूक टाकून बाहेर आलेत. मागच्या महिन्यात, माझ्या निवृत्तीआधीची शेवटची फेरी म्हणून, मी मुन्शीभाऊंना सोबत चला म्हटलं. आले. सदरा पांढराच होता, पण डब्याला झाकण आलं होतं. जंगलाच्या तोंडाशी माझे पाय सवयीने थांबले. त्यांनी श्वास घेतला, आणि तसाच सोडून दिला.

"काय झालं भाऊ?"

"आता काय सांगू बाई? अन् सांगतलं तर मानन कोन?"

मी डबा त्यांच्या हातून घेतला, झाकण काढून पिशवीत टाकलं, आणि मीच ओरडले. "मुन्शी येऊन राह्यला! पांढरा सदरा! डब्यात वांग्याची भाजी! संगं नर्सबाई!"

बांबूतून काहीच आलं नाही. मुन्शीभाऊ माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "नर्सबाई एकच हाये म्हना, बाई. एकच."