धुक्यातला उशीर

धुकं पडलेलं असलं की मामा गाडीत बसल्याबरोबर आधी आपल्या बाजूची काच पार खाली घ्यायचे. मग रेडिओ बंद करायचे. मग कानावरचा मफलर मागे सारून, मान जराशी बाहेर काढून नुसते ऐकत बसायचे. ऐकण्यासारखं फारसं काही नसायचं. एखादं कुत्रं, लांब कुठेतरी ट्रॅक्टरची धडधड. पण त्यांचं समाधान झाल्याशिवाय मला किल्ली फिरवायची परवानगी नव्हती. "डोळ्याला सुट्टी, कानाला डिवटी," ते म्हणायचे, आणि माझ्याकडे न बघताच, "चला बाई."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती लोकांना ऐकवलं असेल कोण जाणे. एसटीत ते ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर शाहूपुरीत आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचे. सगळी इमारत त्यांना मामा म्हणे, त्यांच्या बायकोला मामी. तुमच्याही शेजारी असा एखादा निवृत्त माणूस असेल, जो काम सुटल्यावरही कामाच्याच वेळेला उठतो, आंघोळ करून दारात उभा राहतो आणि मग आपल्याला जायचं कुठेच नाही हे आठवून पेपर उघडतो. मामा तसे होते.

मी ग्रंथपाल. आमच्या संस्थेचं शाहूवाडीच्या डोंगरात, मलकापूरच्याही पुढे, एक छोटं कॉलेज आहे. तिथली जागा मला मिळाली, पुढच्या जूनपासून, तीही वर्षभराच्याच बोलीवर. काम बघून पुढचं ठरणार होतं. ग्रंथालय दहाला उघडायचं आणि सकाळची बस साडेदहाच्या आत कधी पोचत नव्हती. तिथे खोली घेऊन राहावं तर आई एकटी पडते. तिला रात्री कुणीतरी सोबत लागतं. म्हणजे एक तर गाडी शिकायची, नाहीतर नोकरी सोडायची. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी एक जुनी पांढरी गाडी घेतली, रीतसर लायसन्स काढलं, आणि ती गाडी तीन आठवडे इमारतीच्या दारात उभी करून ठेवली.

चौथ्या आठवड्यात मामांनी आईला विचारलं, "बाईंनी गाडी पूजेला आणलीया काय?"

त्यानंतर त्यांनी मला शिकवायला घेतलं. आधी गर्दीत, मग चढावर. पण त्यांचा खरा जीव धुक्यात. नोव्हेंबर सरता सरता पहाटे सहाला दारावर टकटक व्हायची. बाहेर मामा, चेहऱ्यावर जत्रेला निघालेल्या माणसाचा आनंद. "बाई, लई मस्त पडलंय. चला." आई अंथरुणातूनच म्हणायची, लोक धुकं पडलं की घरात बसतात, आणि हा माणूस माझ्या मुलीला शोधून शोधून त्यात नेतो. मामांचं म्हणणं असं, की उन्हात गाडी काय, बैलसुद्धा नेतो.

पहिल्या दिवशी समोर काही दिसेना म्हणून मी मोठा दिवा लावला. सगळी काच पांढरी फटक झाली. "धुक्याला आरसा दाखवताय काय? लाईट खाली घ्या." चारी इंडिकेटर लुकलुकवत पळणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. त्यांच्या मते तो माणूस लग्नात सगळ्यांकडे बघून हसणाऱ्या पाव्हण्यासारखा. नेमका कुठे वळणार ते शेवटपर्यंत कळत नाही. मी थंडीमुळे काच वर घ्यायला लागले की ते हात आडवा घालायचे. बंद गाडीत आपल्याच श्वासानं काच धुरकटते, ती पुसत बसायला ड्रायव्हरला तिसरा हात नसतो.

एकदा पन्हाळ्याच्या रस्त्याला त्यांनी एका शेताच्या कच्च्या वाटेवर गाडी घ्यायला लावली. स्वतः उतरले आणि मला म्हणाले, मी दिसायचा बंद झालो की हाक मारा. ते चालत सुटले. आधी चप्पल गेली, मग पाय, मग नुसता स्वेटर, मग काहीच नाही. मी हाक मारली. ते पावलं मोजत परत आले. "तेवीस. तेवीस पावलांत गाडी उभी ऱ्हाईल एवढ्याच वेगानं जायाचं. दिसतंय तेवढाच रस्ता आपला. फुडचा अजून कुणाचाच न्हाय." मग तासभर मला त्याच वाटेवर पुढे मागे करायला लावलं. त्या शेताचा मालक येऊन विचारून गेला, की काही हरवलंय का.

माझी सगळ्यात मोठी चूक ऊसतोडीच्या दिवसांतली. धुकं इतकं दाट होतं की मी घाबरून पुढच्या ट्रॉलीचा एक लाल दिवा पकडला आणि त्याच्या मागे मागे निघाले. दिवा वळला की मी वळायची, थांबला की थांबायची. मला वाटलं, आज जमलं. मामा शेजारी गप्प. बऱ्याच वेळानं पुढची ट्रॉली थांबली ती हलेचना. मागेही एक ट्रॉली येऊन लागली. धुक्यातून एक माणूस वही घेऊन आला, माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारली आणि खिडकीत वाकून म्हणाला, "पावणं, ऊस कुठाय?"

आम्ही साखर कारखान्याच्या वजनकाट्याच्या रांगेत उभे होतो.

मागच्या पुढच्या ट्रॅक्टरवाल्यांनी उतरून माझी गाडी बाहेर काढून दिली. एकजण म्हणाला, वजन करूनच जावा की, आलासाच हाय तर. बाहेर आल्यावर मी रागानं मामांना विचारलं, की रस्ता चुकला हे दिसत असून तुम्ही सांगितलं का नाही?

"तुमाला कुठं जायाचं हाय ते तुमालाच म्हायती. मी आपला बसलेला माणूस." थोडं अंतर गेल्यावर मात्र त्यांनी शांतपणे सांगितलं, की पुढच्याचा दिवा धरून कधी जायचं नाही. तो खड्ड्यात गेला तर आपण खड्ड्यात जातो. डाव्या हाताची, रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी धरायची, ती खड्ड्यात जात नाही. आणि अगदीच दिसेनासं झालं तर रस्त्यावर उभं राहायचं नाही. गाडी पार खाली, मातीत घ्यायची आणि धुकं उठेपर्यंत चहा प्यायचा.

चहाच्या टपरीपाशी उसाची ट्रॉली उभी दिसली की मामा खिशातून चकाकणाऱ्या लाल पट्टीची गुंडाळी आणि कात्री काढायचे. मागच्या फळीवर आडवी पट्टी, दोन्ही बाजूंना उभी. परवानगी वगैरे मागायचे नाहीत. एका ट्रॅक्टरवाल्यानं तक्रार केली, मामा, नवरदेवाची गाडी करून टाकलीसा की. मामा कात्री खिशात टाकत म्हणाले, "वरातीत कुणी मागनं धडकत न्हाय."

जूनमध्ये मी कामावर रुजू झाले. पाऊस निभावला. हिवाळ्यात मात्र दोनदा उशीर झाला, आणि तिसऱ्यांदा बांबवड्याच्या पुढे धुक्याची भिंतच उभी होती. मी एका हॉटेलच्या आवारात गाडी घेतली आणि दीड तास बसून राहिले. प्राचार्यांना फोन लागत नव्हता. नेमकी त्या दिवशी ग्रंथालय बघायला एक समिती आली होती. दाराला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. समिती व्हरांड्यातून कपाटं बघून गेली.

दुसऱ्या दिवशी हातात कागद पडला. सात दिवसांत लेखी खुलासा द्यावा, अन्यथा नेमणूक पुढे चालू ठेवता येणार नाही.

मी दोन संध्याकाळी बसून खुलासा लिहिला. चांगला तीन पानी. त्यात ग्रंथालयाचं महत्त्व होतं, माझी आधीची सेवा होती, घरची परिस्थिती होती. मामांना दाखवायला खाली गेले. त्यांनी ओळीखाली बोट धरून सगळा वाचला, मामींनी केलेला चहा गार होईपर्यंत.

"लई छान लिवलंय," ते म्हणाले. "पर ह्यात धुकं कुठंशी हाय?"

"तिसऱ्या पानावर," मी म्हटलं.

ते उठले आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या ट्रंकेतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून आणली. त्यांना सुरक्षित सेवेचा बिल्ला मिळाला होता हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्याच्या डबीत मामी सेफ्टी पिना ठेवत. पिशवीत मात्र बिल्ला नव्हता. पिशवीत नोटिसा होत्या. गाडी उशिरा पोचवल्याबद्दल नोटीस, तिला टाचलेली मामांच्या खुलाशाची प्रत; पुन्हा नोटीस, पुन्हा प्रत. गठ्ठा चांगला बोटभर जाड. प्रत्येक खुलाशात त्याच दोन ओळी, हळूहळू थरथरत गेलेल्या अक्षरात: धुके होते. गाडीतील सर्व माणसे घरी पोचली.

त्यापायी एकदा पगारवाढ रोखली होती, मामींनी सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही. एखाद्या गावाला जाऊन आल्यासारखं.

"बिल्ला काय, देत्यात," मामा म्हणाले. "पर ह्या एकेका कागदात पन्नास माणसं बसल्याती बघा."

वर येऊन मी तीन पानं फाडली. नव्या कागदावर लिहिलं की धुके होते, पुढे दिसत नव्हते, दिसू लागल्यावर निघाले. किल्ली माझ्याकडेच राहिली ही माझी चूक. दुसरी किल्ली कार्यालयात ठेवावी. सही केली. रात्रभर मला वाटत राहिलं की आपण नोकरी गमावली.

प्राचार्यांनी कागद वाचायला घेतला आणि लगेच संपलाही. त्यांनी तो उलटा करून मागची कोरी बाजू बघितली. मग खिडकीबाहेर बघत विचारलं, रोज त्याच रस्त्यानं येता? मी हो म्हटलं. त्यांनी शिपायाला हाक मारून दुसरी किल्ली करून आणायला सांगितलं. आठवड्यानं फलकावर सूचना लागली: हिवाळ्यात ग्रंथालय साडेदहाला उघडेल. माझी नेमणूकही पुढे चालू राहिली, ती आजवर. मामांना सांगितलं तेव्हा ते पेपर वाचत होते. "मग आता निवांत जावा," एवढंच म्हणाले आणि पान उलटलं.

गेल्या वर्षी मामा-मामी कोडोलीला, गावच्या घरी राहायला गेले. या जानेवारीत एका पहाटे त्यांच्या मुलाचा फोन आला. बाबा रात्री झोपेतच गेले. नऊ वाजता न्यायचं ठरलंय.

आई म्हणाली, मी पण येते. साडेसहाला आम्ही निघालो. शहर सोडलं आणि धुकं लागलं. उसाच्या रानांतून नुसता कापूस पिंजून टाकल्यासारखं. मला एकदा तरी त्यांचा चेहरा बघायचा होता आणि पाय सारखा दाबायला बघत होता. कडेची पांढरी पट्टीसुद्धा दिसेनाशी झाली तेव्हा एका पेट्रोल पंपाच्या आवारात, पार कडेला गाडी घेतली. साडेआठ झाले. मुलाला फोन करून सांगितलं की माझ्यासाठी थांबू नका. नऊ झाले. आईनं मनगटावरचं घड्याळ काढून पिशवीत टाकलं. धुकं विरळ होऊन पट्टी परत दिसायला लागली तशी मी निघाले.

पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. गल्लीच्या तोंडाशीच माझा धीर सुटला, पण अंगण भरलेलं होतं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं भिंतीला टेकून उभी होती. मामांबरोबरचे जुने ड्रायव्हर एका ओळीत उकिडवे बसले होते. मेणबत्त्या अर्ध्याहून खाली आल्या होत्या. वंदना कधीच म्हणून झाली होती. कुणी हललं नव्हतं. मुलानं नंतर सांगितलं, भावकीतले दोघंतिघं घाई करत होते, पण मामींनी ऐकलं नाही. बाई धुक्यातनं येत्यात, त्यांना उशीर हुणारच, म्हणाल्या.

मी मामांजवळ बसले, पुरेसा वेळ बसले. मग मामींचा हात धरला आणि म्हटलं, "उशीर झाला."

"व्हय," मामी म्हणाल्या. माझ्या मागे उभ्या असलेल्या आईला त्यांनी नीट बघून घेतलं. "आलासा न्हवं दोघीबी."

आणि मग त्यांनी माणसांना उचलायची खूण केली.