किल्लीची उमेदवारी

वसतिगृहात तीन वर्षं मी जिच्यासोबत एका खोलीत राहिले, तिला सगळे किल्ली म्हणायचे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थी मंडळाला तळमजल्यावर एक खोली मिळाली होती आणि त्या खोलीची किल्ली हिच्या गळ्यात असायची, ओळखपत्राच्या पट्ट्याला अडकवलेली. पहिल्या वर्षी कोणीतरी "दोन मिनिटं धर गं" म्हणून ती हिच्या हातात दिली होती. तो मुलगा पदवी घेऊन नोकरीला लागला, तरी ती दोन मिनिटं काही संपली नव्हती.

तिला "नाही" म्हणता येत नव्हतं. आता लगेच डोळ्यांसमोर गरीब गाय आणू नका. माझ्याशी ती कचाकचा भांडायची. पंखा किती नंबरवर ठेवायचा यावरून आम्ही दोन-दोन दिवस अबोला धरलेला आहे. पण दारात कोणी काम घेऊन उभं राहिलं की हिची मान आपोआप डोलायची. मंडळाची वेबसाइट हिच्याकडे, सभासदांची यादी हिच्याकडे, प्रोजेक्टर हिच्याकडे, बाहेरच्या पाहुण्यांना फाटकापासून आणायचं तेही हिच्याकडे, आणि कार्यक्रम संपून सगळे फोटो काढत असले की खुर्च्या एकावर एक रचायला पुन्हा हीच. पद मात्र एकही नाही. पदं भाषणं करणाऱ्यांकडे होती. मी स्वतः सहसचिव होते आणि सहसचिवाने नेमकं काय करायचं असतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

तिचे वडील एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. आता त्यांच्या नजरेत अगदी मधोमध एक धुरकट डाग आला होता. कडेचं दिसायचं, समोरचं अक्षर दिसायचं नाही. म्हणून रोज संध्याकाळी सात वाजता ती फोनवर त्यांना पेपर वाचून दाखवायची, अग्रलेखासकट. ते मध्येच थांबवायचे. "तिथे स्वल्पविराम आहे का गं?"

"आहे, बाबा."

"मग तसं वाच की."

शेजारच्या इमारतीत एक मॅडम होत्या. छापील पान कॅमेऱ्यासमोर धरलं की ते मोठ्याने वाचून दाखवेल असा प्रोग्रॅम त्या आपल्या पाच-सहा विद्यार्थ्यांना घेऊन तयार करत होत्या. किल्ली दोन वर्षं त्यांच्याकडे जागा मिळावी म्हणून खेटे घालत होती. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी एकदाची चिठ्ठी आली. शेवटचं वर्षभर जागा आहे, रोज चार ते आठ, दांडी चालणार नाही, मंडळ, महोत्सव, कुठलंही पद असेल तर येऊ नये, महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत होकार द्यावा. तिने घरी फोन केला तेव्हा मी खोलीतच होते. फोन स्पीकरवर होता. बातमी ऐकून वडिलांनी विचारलं, "स्वल्पविराम वाचेल का ते?"

"मीच करीन ना ते काम, बाबा," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने पंखा माझ्या मनासारखा तीनवर केला. इतकी ती खुशीत होती.

त्याच आठवड्यात मंडळाच्या निवडणुकीचे अर्ज सुरू झाले. अर्ज ऑनलाइन, आणि तो प्रोग्रॅम अर्थातच हिने लिहिलेला. नीट चालतो की नाही हे पाहायला एक अर्ज भरून बघावा लागतो. त्यात खरा नोंदणी क्रमांक टाकल्याशिवाय पुढचं पानच उघडत नव्हतं, म्हणून हिने स्वतःचाच टाकला. पद, अध्यक्ष. "तुम्हाला हे पद का हवे आहे?" या रकान्यात लिहिलं, "चाचणी चाचणी एक दोन तीन". अर्ज व्यवस्थित गेला. आता तो काढून टाकायचा, एवढ्यात कोणीतरी ओरडलं, "किल्ली, प्रोजेक्टर!" ती उठून गेली. तिथून परीक्षा विभाग, तिथून आणखी कुठे. तो अर्ज राहिला तो राहिलाच.

सोमवारी पाच वाजता मुदत संपली आणि उमेदवारांची यादी प्रोग्रॅमने आपोआप वेबसाइटवर लावून टाकली. बाकीच्या पदांना दोन-दोन, तीन-तीन अर्ज. अध्यक्षपदाला एकच. कारण किल्ली शेवटच्या वर्षाला गेली की पूर्वीसारखी राबणार नाही आणि सगळं काम अध्यक्षाच्या गळ्यात पडणार, हे भाषण करणाऱ्यांनाही कळून चुकलं होतं.

पोरं खूश झाली. मावळता अध्यक्ष, ज्याला आम्ही महाराज म्हणायचो, धावत आमच्याकडे आला. "काय जाहीरनामा आहे गं! चाचणी चाचणी एक दोन तीन! एवढा प्रामाणिक उमेदवार आजवर झाला नाही." संध्याकाळपर्यंत तिच्या ओळखपत्रावरचा घाबरलेला फोटो आणि खाली ते वाक्य, अशी पोस्टरं जिन्यात लागली होती.

"जा आणि सरांना सांग," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता. चुकून गेला म्हणावं."

ती गेली. मंडळाचे सल्लागार सर दुसऱ्या मजल्यावर बसायचे. अर्ध्या तासाने परत आली ती बोटांना काळी शाई लावून.

"सांगितलंस?"

"सांगायला सुरुवात केली होती. तर सर म्हणाले, बरं झालं बाई तू उभी राहिलीस. कोणीच नसतं तर मंडळ बंद करा म्हणून पत्र आलं असतं, खोली गेली असती. अर्ज मागे घ्यायची मुदतही पाचलाच संपली, म्हणाले."

"आणि ही शाई?"

"त्यांचा प्रिंटर अडकला होता."

मला इतका संताप आला, की दोन चापट्या द्याव्यात असं वाटलं. पण मंडळाच्या नियमांत एक पळवाट निघाली. उमेदवार एकच असला तरी मतदान घ्यायचं, आणि त्याच्या नावाखाली दुसरा पर्याय ठेवायचा, "पुन्हा अर्ज मागवा". निम्म्याहून जास्त मतं त्याला पडली, तर उमेदवार सुटला. मतदान दहा दिवसांनी, गुरुवारी. मॅडमना उत्तर द्यायचं शुक्रवारी.

"हरायचं," मी म्हटलं. "आपण हरायचा प्रचार करायचा."

पहिलं काम म्हणजे तिला "नाही" म्हणायला शिकवणं. मी खुर्चीवर बसून महाराज व्हायची. "किल्ली, जरा अध्यक्ष हो ना."

"नाही... म्हणजे, बघते."

"बघते नाही. नुसतं नाही."

"नाही." एवढं बोलून ती इतकी कावरीबावरी व्हायची, की लगेच पुढे जोडायची, "पण काही लागलं तर सांग."

रोज सकाळी दात घासताना मी तिच्याकडून दहा वेळा म्हणून घ्यायची. भिंतीला ती छान म्हणायची. आरशाला बरं म्हणायची. माणूस समोर आला की संपलं.

मग आम्ही हिशोब मांडला. मतदानाला साधारण चाळीसेक जण येतात. तिने एकवीस जणांना गाठायचं, एकेकट्याला, आणि सांगायचं की मला पाडा. तिचं स्वतःचं मिळून बावीस. यादीत पहिलं नाव तिने माझं लिहिलं आणि हसून म्हणाली, "तुझ्यावर सराव करते. माझ्याविरुद्ध मत देशील का?"

"अगं, हे काय विचारणं झालं?" मी म्हटलं. "पहिलं मत माझंच."

बाकीच्या वीस जणांना विचारायला तिला आठ दिवस लागले. प्रत्येक वेळी घामाघूम होऊन यायची. एकाला जेवणाच्या रांगेत गाठलं, एकीला कपडे वाळत घालताना. वडिलांच्या डोळ्यांचं मात्र तिने कोणाला सांगितलं नाही. ते मध्ये आणायचं नाही, म्हणाली. तरी सगळ्यांनी मान्य केलं. "अगदी बरोबर आहे तुझं." "किती राबलीस तू, आता सुटायलाच हवं." एकीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. किल्ली माझ्यासमोर नावांपुढे बरोबरच्या खुणा करत होती आणि म्हणत होती, "लोक किती चांगले आहेत गं. मी उगाच घाबरत होते."

बुधवारी सरांनी मला बोलावलं. तिच्याबद्दल काहीतरी त्यांच्या कानावर आलं असावं. समोरच्या कागदांवरून नजर न उचलता म्हणाले, "ती नको म्हणत असेल तर तुझं नाव आहेच. तू सहसचिव आहेस. पुन्हा अर्ज मागवावे लागले तर तुलाच भरावा लागेल."

मी "बरं सर" म्हणून बाहेर आले. हे मी किल्लीला सांगितलं नाही.

गुरुवारी चार वाजता मंडळाच्या खोलीत त्रेचाळीस जण दाटीवाटीने बसले. उमेदवाराने दोन शब्द बोलायचे होते. मीच तिला चार ओळी लिहून दिल्या होत्या. मला हे पद नको आहे, माझा अर्ज चुकून गेला, माझं दुसरीकडे काम ठरलं आहे, कृपया पुन्हा अर्ज मागवा. एवढंच. कागद मुठीत धरून ती पुढे गेली. माइक किंचाळला. तिने सवयीने खाली वाकून वायर काढली, फुंकर मारून पुन्हा लावली, आणि आवाज नीट झाल्याबरोबर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी म्हणाली, "ताई, माझ्या फोनवर मतदानाचं पान उघडत नाहीये." ही खाली उतरली, तिचा फोन बघितला, दुरुस्त केलं. आणखी दोघांचे निघाले. सर घड्याळ बघत होते. "बोल बाई लवकर. अर्थात तू न बोललीस तरी चालेल."

लोक हसले. ती माइकसमोर उभी राहिली. मी तिसऱ्या रांगेतून ओठ हलवून म्हणत होते, नाही, नाही, नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, कागद उघडला, सरांकडे पाहिलं.

"मला... म्हणजे... सगळ्यांनी मत द्या," ती म्हणाली. आणि खाली उतरली.

तरीही एकवीस मतं ठरलेली होती. मी फोन हातात घेतला. दोनच पर्याय. वर तिचं नाव, खाली "पुन्हा अर्ज मागवा". आणि खरं सांगते, मला तेव्हा तिचे वडील आठवले नाहीत. मला मीच दिसले. फाटकापाशी पाहुण्यांची वाट बघणारी, खुर्च्या रचणारी, गळ्यात ती किल्ली. माझ्या एका मताने काय फरक पडतोय, असं मी मनाला सांगितलं. बाकीचे वीस आहेतच की. मी वरचं बटण दाबलं.

मत कोणाचं ते कोणालाच, अगदी तिलासुद्धा दिसू नये असं तिने ते बांधलं होतं. शेवटचं मत पडलं आणि निकाल पडद्यावर आला.

तिच्या नावासमोर बेचाळीस. पुन्हा अर्ज मागवा, एक.

खोलीत जल्लोष झाला. महाराज ओरडला, "कोण आहे रे तो एकटा शत्रू? हात वर कर!" सगळे हसून एकमेकांकडे बघत होते, आणि त्यांतले वीस जण माझ्यासारखेच कोणाशीही नजर मिळवत नव्हते. किल्लीने हात वर केला नाही. ती पडद्याकडे बघत राहिली. दोन आकडे वाचायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा खूप जास्त वेळ.

मग गर्दी पांगली. ती खुर्च्या रचायला लागली. मीही लागले. माझ्याने राहवेना. मी म्हटलं, "प्रोग्रॅम तुझाच होता ना. आकडा फिरवायचास. दोन मिनिटांचं काम होतं."

"मग मतदान कशाला घ्यायचं?" ती म्हणाली. रागाने नव्हे, खरंच विचारल्यासारखी. नंतर थोड्या वेळाने, हातातली खुर्ची खाली ठेवत, "निदान दोन पडतील असं वाटलं होतं," म्हणाली.

ती भांडली असती, ओरडली असती, तर मी काहीतरी बोलले असते. ती भांडली नाही. खोलीला कुलूप लावलं, एकदा ओढून बघितलं. सात वाजता नेहमीसारखा फोन लावला आणि अग्रलेख वाचला, एकही स्वल्पविराम न चुकता. बाबांना काही सांगितलं नाही.

त्या रात्री मी मनातल्या मनात शंभरदा ठरवलं, की सकाळी उठून सरांकडे जायचं आणि सांगायचं, मला करा अध्यक्ष. सकाळी उठले आणि दात घासले. ती शेजारच्या नळाशी उभी होती. त्या दिवशी मी तिच्याकडून काही म्हणून घेतलं नाही.

शुक्रवारी दुपारी ती मॅडमकडे निघाली तेव्हा मी न बोलावता सोबत गेले. "तू बाहेर थांब," ती म्हणाली. दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून एक यंत्राचा आवाज येत होता, कुठल्यातरी पुस्तकातलं पान वाचणारा, सगळी वाक्यं एकमेकांत घुसवत, कुठेही न थांबता. मॅडमनी तो बंद केला.

"या सोमवारपासून येते आहेस ना मग?" त्यांनी विचारलं.

आणि मी दारामागून ऐकलं. न अडखळता, पुढे काहीही न जोडता, अगदी मी शिकवलं होतं तसं.

"नाही."