भिंतीवरचा पत्ता

आमच्या येरमाळ्याची यात्रा आठवड्यावर आली होती आणि खव्याची एकही ऑर्डर नव्हती. आमच्या बचत गटाच्या बायका कढया घासून बसल्या होत्या. खवा आधी करून ठेवता येत नाही; ऑर्डर आली की दूध सांगायचं. दूधवाला रोज विचारायचा, मी रोज उद्यावर ढकलायची.

ऑर्डरी घ्यायची वेबसाइट माझ्याच हट्टानं झाली होती. गटाच्या शेडच्या हायवेकडच्या भिंतीवर तिचा पत्ता रंगवायचं डोकंही माझंच. पेंटरनं सुरुवातीला तीन डब्ल्यू आखले, ते मी पुसायला लावले. धावत्या एसटीतून एवढं लांबलचक कोण वाचणार? उरलेली अक्षरं ऐसपैस आली.

माझ्या फोनवर साइट व्यवस्थित उघडायची. सुरुवातीलाच डब्ल्यूंसकट साठवून ठेवली होती; भिंतीवरचं वाचून मी कधी टाकलंच नव्हतं.

मग नळदुर्गहून नणंद आली. उतरल्या उतरल्या म्हणाली, "वहिनी, दुकान मिटवलं काय? भिंतीवरचं टाकलं तर कायबी उघडंना."

"पुन्हा टाका की."

"किती बारी टाकू? बोटं झिजली माझी."

तिला चहासुद्धा न विचारता मी कळंबची बस धरली. सीट असून बसवेना. साइट करून देणारा कॉम्प्युटरवाला तिथं असतो.

"काकू, डब्ल्यूंसकटच नोंदवलाय पत्ता. बिनडब्ल्यूचं कुठं जायचं ते सांगितलेलंच न्हाय."

"पाकिटावर उस्मानाबाद लिहा न्हायतर धाराशिव, टपाल माझ्याच घरी येतं. ह्यालाच काय झालं?"

"पोस्टमन तुमच्या ओळखीचा हाय. इथं सांगून ठेवावं लागतं."

"मग सांगा. मी भिंत पुन्हा रंगवणार न्हाय."

त्यानं दोन्ही पत्ते एकाच पानाला जोडले. सगळ्या फोनवर दिसायला थोडा वेळ लागेल, म्हणाला.

परतल्यावर घरी गेलेच नाही. भिंतीसमोरच्या थांब्यावर गाडी थांबली की खिडकीतल्या माणसाला म्हणायची, "दादा, एवढं टाकून बघा जरा." कुणी काच ओढून घेतली. एका बाईनं विचारलं, "लॉटरीचं हाय का?" एका पोरानं टाकलं, उघडेना. पुढच्या गाडीतही तेच. त्याच्या पुढच्याही.

ऊन उतरल्यावर सोलापूरच्या गाडीतल्या एका आजोबांनी फोन लांब धरून एकेक अक्षर दाबलं.

"उघडलं. पेढा न्हाय व्हय तुमच्यात?"

"खवाच हाय."

"मग खवा सांगतो. यात्रेला लेकीकडं येणारच हाय."

गाडी हलली. मी तिथूनच दूधवाल्याला फोन लावला.