दोन पुरुषांनी एका टेबलावर बसू नये

पाटी रंगवायला बोलावणारा माणूस काय लिहायचं ते एका वाक्यात सांगतो आणि का लिहायचं ते तासभर! त्यामुळे माझ्याकडे रंगाच्या डब्यांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. त्यातले निम्मे सोलापुरातल्या, गिरणीजवळच्या मल्लप्पाअण्णांच्या खानावळीतले. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. स्वयंपाक अण्णांच्या बायकोचा, गौराक्कांचा. परवानाही त्यांच्याच नावावर. मर्जी तेवढी अण्णांची!

*

पहिली पाटी साधी होती : 'प्रवेश मालकाच्या मर्जीनुसार.' अण्णांनी एकाला ढेकर दिला म्हणून उठवलं आणि दुसऱ्याला दिला नाही म्हणून! "जेवान आवडलं न्हाय व्हय? मग चला!"

*

पुढं अण्णांना जातीची पाटी हवी झाली. रोज तिथंच जेवणारे वकीलसाहेब म्हणाले, "अण्णा, जात विचारलीत तर आत जाल. कायदा आहे."

"खानावळ माजी, आन मर्जी सरकारची?" अण्णा कळवळले. स्वातंत्र्य गेल्याचं इतकं दुःख मी इंग्रजांच्या राज्यातही कुणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं.

*

शिवप्पा गिरणीत, राजय्या हातमागावर. चुलतभाऊ म्हणवत अकरा वर्षं एका खोलीत राहायचे आणि अण्णांकडे ताटाला ताट लावून जेवायचे. शिवप्पाला अल्सर. गौराक्का त्याच्यासाठी बिनतिखटाची आमटी वेगळी काढायच्या. आमच्या सोलापुरात दुसरं कोण काढतंय!

कुणीतरी अण्णांचे कान फुंकले, "ते चुलतभाऊ न्हाईत. नवरा-बायकोवानी ऱ्हात्यात."

अण्णांनी आधी कायदा विचारला. पोळलेले होते ना! वकील म्हणाले, "अशांच्या बाजूनं कायद्यात एक ओळ नाही. खुशाल हाकला." अण्णांनी त्यांना स्वतःच्या हातानं जादा पापड वाढला.

*

"काय लिहू?" मी विचारलं.

"ते... तसलं."

"तसलं म्हणजे?"

अण्णांना घाम फुटला, पण शब्द फुटेना. शेवटी म्हणाले, "लिवा, दोन पुरुषांनी एका टेबलावर बसू नये." मी लिहिलं. पोटासाठी लिहिलं, पण लाज वाटली.

भोंगा झाला. केम-अकलूजकडं बायका ठेवून आलेले चाळीस कामगार जेवायला आले. टेबलं सहा. चौतीस जण दारात उभे!

*

मग नवी पाटी : 'हातात हात घालून येऊ नये.' गिरणीतली अर्धी पाळी तशीच यायची. अण्णांनी पुन्हा 'दोन पुरुषां'चीच पाटी लावली आणि कामगारांकडं काणाडोळा केला. नियम सगळ्यांना, लागू दोघांना!

*

त्या दुपारी मी तीच पाटी उजळत होतो. अण्णा आणि वकीलसाहेब एका टेबलावर बसले होते, गौराक्कांनी नुकतीच ताटं ठेवली होती. दारात शिवप्पा आणि राजय्या आले. शिवप्पा दोन दिवस नुसत्या दुधावर होता.

"पाटी वाचा की," अण्णा म्हणाले.

"वाचली," राजय्या म्हणाला. "त्याला तरी वाडा अण्णा, मी भाईर बसतो."

माझा ब्रश थांबला. गौराक्का माझ्याकडं वळल्या. "पेंटर, मला वाचता येत न्हाय. काय लिवलंय?"

मी मोठ्यानं वाचलं.

त्यांनी शिवप्पाला आणि राजय्याला कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं. वकिलांचं ताट उचलून राजय्यापुढं ठेवलं आणि आतून बिनतिखटाची आमटी आणून शिवप्पाला वाढली. मग अण्णांचंही ताट उचललं.

"अगं, मालकाची मर्जी..."

"मालकाचीच हाय की," गौराक्का म्हणाल्या. "परवान्यावर नाव बगा. आन तुमी दोगं येगयेगळ्या टेबलावर बसा, मग वाडते."