खांबाला हात न लावणारं गिऱ्हाईक

"ए बाय, तेवढं पोर बाजूला घे, व्हिडिओत येतंय."

माझ्याच दारात मला असं बोलला. सोनी माझी दोन वर्षांची, उंबऱ्यावर बसून भाकर खात होती. उचलली तिला आणि अंगणात जाऊन उभी राहिले. का गेले बाहेर, माहीत नाय. तो पांढऱ्या बुटांनी तसाच आत गेला, माझ्या गोधडीवर पाय देऊन, चुलीला खेटून, पार मागच्या दारापर्यंत. मागून त्याची बायको, नाकाला रुमाल. सकाळीच मी सगळं घर शेणानं सारवलेलं. गिऱ्हाईक येणार म्हणून.

घर विकायला मीच काढलेलं. सोनीचा बाप ठाण्याला बिल्डिंगवर कामाला होता, परांचीवरून पडला, गेला. मला जव्हारला हॉस्टेलात भाकऱ्या करायचं काम मिळालं, तिथंच खोली घेऊन राहायचं होतं. बंद घर किती टिकतंय? एका पावसात वाळवी खाते. त्यापेक्षा विकलेलं बरं.

आता आमच्या दाभोशाकडं घर विकायचं म्हणजे काय, तर खांब, वासे आणि कौलं. घेणारा येतो, घर उतरवतो, टेम्पोत घालून आपल्या पाड्यावर नेतो आणि तिथं उभं करतो. खालची जागा जाग्यावरच राहते. ज्याची त्याची. सगळ्यांना माहीत असतं, कुणी सांगत पण नाय.

एजंट जव्हारचा. सगळे भाऊ म्हणतात त्याला. बाप सरकारी नोकरीत होता, त्यामुळं बोलणं एकदम साहेबासारखं. मी त्याला बोलावलंच नव्हतं. आपणच आला एक दिवस, "तुला यातलं काय कळणार बाय, तू नुसतं हो म्हण, बाकी मी बघतो." घर काढलंय हे याला कुणी सांगितलं? शेजारणीनं? जीपवाल्यानं? तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागलेला.

आणि त्यानंच आणलेला हा बूटवाला खांबांकडं बघेचना. आमच्यात घर घेणारा पहिल्यांदा खांब वाजवतो. मुठीनं, नाय तर कोयत्याच्या पाठीनं. पोकळ वाजला तं आत वाळवी. मग वर चढतो, कौल उचलतो, वासा हलवून बघतो. यानं हात पण लावला नाय. मागच्या दारात उभा राहून खाली दरीकडं बघतोय, नदीकडं बघतोय, मोबाईल फिरवतोय. आणि बायकोला म्हणतो, "ये झोपडा तो जाएगा. तुम व्यू देखो."

भिवंडीला वीटभट्टीवर तीन सीझन काढलेत मी. हिंदी कळते मला.

झोपडा जाणार, तं मग हा घेतो काय?

ओट्यावर शेजारच्या खुर्च्या मांडल्या. ते तिघं बसले, मी उभी. पाणी आणलं तं बाईनं पिशवीतून आपली बाटली काढली, "नको नको, आमचं आहे." भाऊनं कागद काढला. निळ्या शाईची डबी पण बरोबरच आणलेली.

"ये. अंगठा दे."

"दादा, मला सही येते. सातवी झालीय माझी."

तो हसला. बूटवाल्याकडं वळून म्हणाला, "मॅडम सातवी पास है." तिघं पण हसले. मग माझा हातच धरला. लहान पोराचा धरतात तसा. अंगठा शाईत दाबला आणि कागदाकडं ओढायला लागला.

मी विचारलं, "यात खांब किती लिहिलेत?"

"खांबांना कोण विचारतं गं? खांब तू घेऊन जा!"

खांब मी नेऊ. कौलं पण मीच नेऊ. मग राहिली काय? माती. पायाखालची.

हात असा हिसडला की डबी उलटी झाली ओट्यावर.

"देत नाय."

"काय?"

"देत नाय मी. उठा. उठा माझ्या ओट्यावरून."

भाऊ लाल झाला. "नाटकं करू नको. माझ्याशिवाय तुझं घर कुत्रं पण घेणार नाय. बघतोच मी, कोण येतं ते."

गेले. मी दाराला कडी लावली आणि सोनीला धरून बसले. त्यानंतर खाली जीप थांबली की कडी. शेजारीण "काय ठरलं गं?" म्हणाली की मी घागर घेऊन पाण्याला. कुणाचा म्हणून भरवसा धरायचा?

मग मीच निघाले. माझं माहेर खोडाळ्याकडं, तिथं लोकांना लाकूड कळतं. बाजाराच्या दिवशी सुक्या मासळीवाल्या बायांच्या शेजारी बसले सोनीला मांडीवर घेऊन. येईल त्याला सांगते, घर विकायचंय, सागाचे खांब हायेत. एक म्हातारा म्हणतो, "घर कुठंय पोरी? टोपलीत आणलंस का?" सगळा बाजार हसला. मी मान खाली घातली, पण उठले नाय.

एक बाई थांबली. नवरा मागं उभा.

"मध्ये कोण हाय?"

"कोण नाय मावशी. मीच."

"मग बोल."

दोघं आले घर बघायला. त्या काकानं सगळे खांब वाजवले. चुलीजवळचा एक वाजवून म्हणाला, "हा पोकळ हाय, पोरी." मला वाटलं, हा पण फसवतोय. जाऊन स्वतः वाजवला. खरंच पोकळ होता. त्याचे पैसे कमी केले. पण शेजारपाजारच्यांना बोलावलं आणि म्हटलं, "यांच्यासमोर बोला काका. खांब, वासे, कौलं. खालची माती नाय."

काका चिडलाच. "माती नेऊन काय करू? आमच्याकडं काय माती नाय?"

"बोला तरी."

बोलला. मावशी तोंडाला पदर लावून हसत होती.

घर उतरलं. शेवटचं कौल टेम्पोत जाईपर्यंत मी उभी होते. रडले नाय. सोनी मात्र घर कुठं गेलं म्हणून रडली.

आता जव्हारला भाकऱ्या करते. सुट्टीला जीपनं येते, ओट्यावरचं गवत उपटते, कडेनं दगड लावते. परवा भाऊची गाडी थांबली.

"आता काय राहिलं इथं तुझं?"

"जागा."

"एकटी बाई तू. किती दिवस राखशील?"

तेव्हा बोलले नाय. सोनी जवळ होती आणि रस्त्याला कुणी नव्हतं. आता सांगते. मी भितेच. गाडीचा आवाज आला की अजून अंग गार पडतं. भीत भीतच येईन, पण येईन. दर सुट्टीला. सोनीला बोट धरून जागेच्या कडेकडेनं फिरवते, हिथून त्या आंब्यापर्यंत, तिथून खालच्या बांधापर्यंत. तिला नीट बोलता येत नाय अजून. पण बांध आला की ती थांबते.