निळे चमचे

तळमजल्यावरच्या काकूंनी एकतीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काढली. दुकान सुटलं, हाताची सवय सुटली नाही. बोलता बोलता त्या समोरच्याच्या नाकावरचा चष्मा उतरवतात, पुसतात आणि परत चढवतात. आमची मैत्री तशीच झाली. मी जिन्यात त्यांना फक्त वेळ विचारली होती.

त्या दिवशी त्यांनी मला साडेदहाला खाली बोलावलं. ओट्यावर पंचा पसरला होता. त्यावर स्टीलचे चोवीस चमचे आणि काटे. निळे. काही जांभळे. दोन चक्क सोनेरी.

सुंदर आहेत, असं मी म्हणून गेले. काकूंनी ज्या नजरेने पाहिलं ती बघून मी लगेच बाह्या दुमडल्या.

एक वाजता त्यांच्या नणंदबाई जेवायला येणार होत्या. अकरा वर्षांनी. मागच्या खेपेला बाईंनी अवाक्षर न काढता चमचा आपल्या रुमालाने पुसून घेतला होता. ते काकूंच्या मनात सलत होतं. आज रुमाल बाहेर येता कामा नये, एवढंच त्यांना हवं होतं. आणि सकाळी काकांनी मदत म्हणून सगळे चमचे कोरड्या लोखंडी कढईत घातले, मोठ्या आचेवर ठेवले आणि पेपर वाचत बसले. काकांची नोकरी इस्पितळात, उपकरणं निर्जंतुक करायच्या खोलीत झाली. तापवल्याशिवाय वस्तू स्वच्छ होते यावर त्यांचा विश्वास नाही.

"एकही जंतू उरला नाही," ते दारातून म्हणाले.

"चमचाही उरला नाही," काकू म्हणाल्या.

खायचा सोडा घासून झाला होता. निळा रंग ढिम्म. एवढी पुस्तकं वाचलीस, यावर कुणी काही लिहिलंय का, असं काकूंनी मला विचारलं. साहित्याच्या तीन वर्षांत चमच्यांवर काहीच नव्हतं. मला पहिल्यांदाच त्याची लाज वाटली.

मग काकू एकदम थांबल्या. त्यांच्या दुकानातला कारागीर मोडलेली फ्रेम तापवून, डाग देऊन जोडायचा, तेव्हा बाजूचा धातू असाच निळा पडायचा. तो व्हिनेगरचा बोळा फिरवायचा.

मी दोन जिने धावत चढले आणि व्हिनेगरची अर्धी बाटली घेऊन उतरले. काकूंनी ते कोमट केलं, फडक्यावर घेतलं आणि एका चमच्यावर लांबीच्या दिशेने फिरवलं. निळा गेला. नुसता गेला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून खिदळलो. मग थांबताच येईना. मी घासत होते, काकू धूत होत्या, काकांना फक्त कोरडं करायची परवानगी होती. शेवटी काकू प्रत्येक चमच्यावर भिंगावर घालावी तशी फुंकर घालत, पुसत आणि त्यात आपले दात बघत.

एकला दहा कमी असताना बेल वाजली. काका शेवटचा काटा पुसतच दार उघडायला गेले.

जेवायला बसलो. नणंदबाईंनी चमचा उचलला. दुसरा हात पर्समध्ये गेला. काकूंनी श्वास रोखला. बाईंनी चमच्यात पाहिलं, कपाळावरची बट नीट केली आणि जेवायला लागल्या. पर्स बंद. टेबलाखाली काकूंनी माझा पाय असा दाबला की मी कळवळले.

तेवढ्यात काकांना राहवलं नाही. ताई, सकाळी मी हे सगळे निळे करून ठेवले होते, असं त्यांनी अभिमानाने सांगून टाकलं. काकूंचा चेहरा पडला.

बाईंनी घास तसाच ठेवला. त्या काकांच्याच इस्पितळात मुख्य परिचारिका होत्या.

"कशात तापवलेस?"

"कढईत."

"मी तव्यावर," त्या हळूच म्हणाल्या. सहा महिने झाले होते. पाहुण्यांना त्या सांगत, चमचे परदेशी आहेत. एकीने तर दुकानाचा पत्ता मागितला होता.

मी पाण्याचा पेला तोंडाला लावून बसले.

"अगं, गुरुवारी येशील का जरा घरी?" बाईंनी काकूंना विचारलं.

काकूंनी सावकाश विचार केला. गुरुवारी त्यांना काडीचंही काम नव्हतं.

"गुरुवारी नाही जमायचं, वन्सं. शुक्रवारी बघते."