दाराचा आवाज

दसऱ्याच्या सकाळी शेजारच्या विनयदादाची नवी परदेशी मोटार झेंडूच्या माळा घालून उभी होती. माझे वडील, अण्णा, देशी मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं दारं बसवत होते. दार नीट बसलंय की नाही, हे ते डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगत.

"अण्णा, लावून बघा की दार," विनयदादा म्हणाला.

अण्णांनी डोळे मिटून दार लावलं. उघडून पुन्हा लावलं.

"चांगलं बसवलंय कुणीतरी," ते हळूच म्हणाले.

स्वदेशीची पत्रकं वाचत मी वाढलो होतो. मी उसळून म्हणालो, "दहा वर्षांनी बघू, किती टिकतंय!"

"टिकेल रे. आमचीही टिकायची. मग पैसे वाचवायला दारांच्या कडेला लावायचं रबर पातळ यायला लागलं. आम्हाला कळत होतं, तरी बसवत राहिलो."

मी वाचलेल्या एकाही पत्रकात ते पातळ रबर नव्हतं. आम्ही देशाचा अभिमान घोषणांत जपत होतो, आणि तिकडे तो एकेका दारातून झिजत होता.

अण्णांनी त्यांच्याच कारखान्यात बनलेल्या आमच्या जुन्या गाडीलाही माळ घातली. तिचं दार लावताना त्यांनी डोळे मिटले नाहीत.